दहाव्या माणसाचे नाव

श्रीरामपूर, जि. अहिल्यानगर
सोमवार, २० जानेवारी २०२५

एझ्रादादा, शालोम.

पहिल्या कागदावर तुला 'तुम्ही' असे लिहिले होते. वाचून पाहिले आणि तो कागद फाडला. बारा वर्षे आपण बोललो नाही, एवढ्यावरून लहानपणचे 'तू' रद्द होते असे मला वाटत नाही. तुला वाटत असल्यास कळव. पुढील पत्रात दुरुस्ती करीन.

तुझा निरोप मिळाला. अश्दोदच्या तुमच्या सिनेगॉगमध्ये बाबांच्या नावाचा दगड बसणार आहे. २२ फेब्रुवारी १९९८ रोजी संध्याकाळी इथल्या आपल्या प्रार्थनागृहात ज्या दहा पुरुषांमुळे बाबांचा कद्दीश होऊ शकला, त्यांची नावे वडिलांच्या नावासह, 'अमुक बेन तमुक' अशी, त्या दगडावर कोरायची आहेत. दहा पुरुष नसले तर गेलेल्या माणसासाठीची ही प्रार्थना, कद्दीश, म्हणता येत नाही, हे मला वयाच्या सहाव्या वर्षी तूच शिकवलेस. त्या दिवशी तू पाय प्लास्टरमध्ये घेऊन बेरशेबाच्या इस्पितळात होतास. फोनवर तू एकच प्रश्न विचारलास, "दहा होते का?" आणि मी म्हणालो, "होते."

नऊ नावे सोबतच्या कागदावर आहेत. पहिले माझे. उरलेले आठजण दौंड, मनमाड आणि पुण्याहून आले होते. त्यांच्या वडिलांची नावे पुण्याला फोन करून पडताळून घेतली. दहावे नाव तपासून कळवतो.

हे पत्र हाताने लिहून त्याचा फोटो पाठवत आहे. टाइप केलेल्या मजकुरात माणसाने काय खोडले ते दिसत नाही. मी तीस वर्षे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. पावतीवर खाडाखोड झालीच तर ती दिसली पाहिजे, हा तिथला नियम मला अजूनही योग्य वाटतो.

आता दुसरी गोष्ट. २०१३ साली इथली सेफेर तोरा, आपल्या धर्मग्रंथाची ती गुंडाळी, अश्दोदला नेण्यासाठी तू आलास आणि मी ती दिली नाही. "जिथे बाबांसाठी दहा उभे राहिले, ती जागा मी रिकामी होऊ देणार नाही," असे मी म्हणालो होतो. त्यावर उंबरठ्यावर बूट घालता घालता तू म्हणालास, "इथे पुन्हा दहा माणसे जमली की मला कळव." त्यानंतर तुझा फोन आला नाही.

तर कळवतो. काल तेवीस जमली.

सहा रविवार, दुपारी चार वाजता, ज्यूंच्या जीवनावरील सहा चित्रपट, असा कार्यक्रम मी ठरवला आहे. कन्याशाळेतल्या ज्योतीबाईंनी पडदा आणि यंत्र दिले, संवाद मराठीत लिहून तेही खाली बसवले. पुंजाराम पेंटर फलक रंगवताना म्हणाला, "तुमचे बाबा मशीदच म्हनायचे की. शनवारवाल्यांची मशीद. तेच लिहू का?" बाबांच्या पिढीला तोच शब्द होता, तुला आठवत असेल. मी 'सिनेगॉग' लिहायला सांगितले. चहावाल्याने फलक वाचून विचारले, "ज्यू म्हंजे जैनातलेच ना, काका? कांदा चालतो का?" मी म्हणालो, कांदा चालतो, डुक्कर चालत नाही. "म्हंजे मुसलमानातले!" असे म्हणून तो दूध ढवळू लागला. इस्रायलमधल्या युद्धामुळे येणार नाही, असे दोघांनी तोंडावर सांगितले. मी आग्रह केला नाही.

कालचा चित्रपट एका लग्नाचा होता. लोक हसले. शेवटी मलिदा वाटला. पोहे, गूळ, खोबरे, आईच्या प्रमाणाने. माणसे मी बाबांच्या पद्धतीनेच मोजली: एक नाही, दोन नाही, तीन नाही. माणसे सरळ मोजू नयेत, हे मी पाळतो.

या तेविसांत आपल्यातला मी एकटाच होतो, हे तू विचारण्याआधीच सांगतो.

नहूम


सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

दादा,

'दहावे नाव अजून का नाही?' हा तुझा निरोप वाचला. दगड कोरणारा मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थांबेल, हेही वाचले. शोध चालू आहे.

तीन रविवार पार पडले. एका गोष्टीचा उल्लेख करणे आवश्यक वाटते, जरी ती क्षुल्लक असली तरी.

आपला हेखाल पश्चिमेच्या भिंतीत आहे. सेफेर तोरा ज्या कपाटात आहे त्यावर चित्रपटाचा पडदा टांगणे मला शक्य नव्हते. म्हणून पडदा समोरच्या, पूर्वेच्या भिंतीवर लावला. परिणामी प्रेक्षकांची पाठ हेखालकडे येते. याचे मला वाईट वाटते, पण दुसरा उपाय नाही. चोवीस घडीच्या खुर्च्या मी रविवारी सकाळी दहा वाजता दोरी लावून चार रांगांत मांडतो, कुलूप घालतो आणि साडेतीनला येऊन उघडतो. पहिल्या रविवारी उघडले तेव्हा तिसऱ्या रांगेतली, डाव्या खांबालगतची खुर्ची उलटी वळलेली होती. तेवीस खुर्च्या पडद्याकडे, एक हेखालकडे. मी ती सरळ केली. त्या दिवशी त्याच खुर्चीवर कोणी बसले नाही.

दुसऱ्या रविवारी तसेच. काल तसेच.

दुसरी किल्ली फक्त खातूनभाभीकडे असते. तुला हैदर आठवतो. गाद्या भरायचा, बाकांवरच्या गाद्या त्यानेच भरल्या होत्या. त्याच्या घराण्याकडे किल्ली त्याच्या आज्यापासून आहे. हैदर २०१९ साली गेला. आता झाडलोट त्याची बायको, हीच खातूनभाभी, करते. मी तिला विचारले. काट्यावर गाडीवाल्यांना विचारायचो तसे विचारले असावे, कारण ती एकदम म्हणाली, "म्या न्हाई हात लावला, नहूमभाई. तुमच्या खुर्च्या, तुमची दोरी."

ती चित्रपट पाहायलाही येते. दाराशी, चपलांजवळ बसते. खुर्ची देऊ केली तर म्हणते, "हितनं समदं दिसतंय." कालच्या चित्रपटात एका मुलीला कपाटामागे लपवलेले असते आणि खाली सैनिक बुटांनी जमीन ठोकत फिरतात. त्या शांततेत मागून आवाज आला, "बोलू नगं, पोरी. बिलकूल बोलू नगं." लोक हसले. मला हसू आले नाही. ते शब्द ऐकून मी उठलो आणि चित्रपट संपेपर्यंत भिंतीला टेकून उभा राहिलो.

कारण पुढे कधीतरी.

नहूम


सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

दादा,

दहाव्या माणसासंबंधी. ते पुण्याचे पाहुणे होते. संध्याकाळच्या एस.टी.ने आले आणि रात्री परत गेले. पूर्ण नाव आठवत नाही. वडिलांचे नाव अब्राहम होते, एवढे निश्चित. 'बेन अब्राहम' एवढेच कोरले तरी चालण्यासारखे आहे.

काल पाचवा चित्रपट झाला. अठरा माणसे. खुर्ची वळलेली होती. पाच रविवार, पाच वेळा.

बाबांच्या कपाटात १९९८ ची कॅसेट सापडली. तुला पाठवलेली तिचीच प्रत होती. 'दहा जणांची प्रार्थना' असे त्यावर माझ्याच अक्षरात आहे. अक्षर चांगले आहे.

नहूम


सोमवार, २४ फेब्रुवारी २०२५

दादा,

१७ तारखेच्या पत्रातील दहाव्या माणसाविषयीचा मजकूर रद्द समज. पुण्याचा पाहुणा आला नव्हता.

काल शेवटचा चित्रपट पाच वाजून वीस मिनिटांनी संपला. त्यानंतर ज्योतीबाईंच्या आग्रहावरून मी ती कॅसेट लावली. हे वाक्य मी एका रेघेने खोडले आहे. खाली काय आहे ते तुला वाचता येईल. आग्रह कोणाचाच नव्हता. "आमच्या प्रार्थनेचा आवाज आपण ऐकावा," असे म्हणून मी स्वतः उठलो आणि बाबांच्या टेपरेकॉर्डरचे बटण दाबले. सत्तावीस वर्षे मी ती लावली नव्हती. काल लावावीशी का वाटली, ते मला नेमके सांगता येत नाही. खिडक्यांवरचे काळे कापड अजून काढलेले नव्हते.

प्रथम खरखर, मग माझा आवाज. माझा आवाज तेव्हा बाबांसारखा होता, हे मला माहीत नव्हते. मी कद्दीशची पहिली ओळ म्हणतो आणि सगळे एकत्र 'आमेन' म्हणतात. आठजण म्हणून थांबतात. एक थांबत नाही. त्याचा शब्द सगळ्यांच्या मागून येतो, आणि तो 'आमेन' नाही. 'आमीन' आहे, ई चांगली लांब ओढलेली.

मागे काहीतरी पडले. खातूनभाभी उभी राहिली होती, चपलांची फळी तिच्या पायाने सरकली होती.

"ह्यो आमचा मानूस हाय," ती म्हणाली.

ज्योतीबाई म्हणाल्या, "मावशी, ही जुनी प्रार्थना आहे, पुष्कळ वर्षांपूर्वीची."

"आसू दे. पुन्यांदा लावा. नहूमभाई, पुन्यांदा लावा."

मी लावली. दुसऱ्यांदा तिने डोळे मिटून घेतले. "त्येचीच ई. नमाजातबी लांबवायचा. शेजारचे हसायचे त्याला, हैदरची गाडी मागून येती म्हनायचे." मग माझ्याकडे पाहून तिने विचारले, "पन त्यो तुमच्यात कसा?"

एकोणीस माणसे माझ्याकडे पाहत होती. मी त्यांना खरे सांगितले. आता तुला सांगतो.

त्या संध्याकाळी आम्ही नऊ होतो. दहावा पुण्याहून निघाला होता. गाडी घोडेगावजवळ बंद पडली. सूर्य खाली जात होता. प्रार्थना चालवणारे मनमाडचे वृद्ध गृहस्थ हेखालकडे तोंड करून उभे होते. त्यांनी मागे न वळता विचारले, "झाले का दहा?" वीज गेलेली होती, टेपरेकॉर्डर सेलवर लावला होता, उजेडाला हेखालसमोरचा दिवा तेवढा होता. हैदर दाराशी बूट रचत होता. टोपी त्याच्या डोक्यावर होतीच. पाहुण्यांपैकी त्याला कोणी ओळखत नव्हते. ओळखणारा मी एकटा.

मी त्याला बाहेर नेले. तो म्हणाला, "बाबांसाठी मी रातभर उभा ऱ्हातो. पन मला त्यातलं काय येत न्हाई."

"काही यावे लागत नाही. सगळे आमेन म्हणतील तेव्हा म्हण."

"आमीन व्हय? त्ये येतंय की."

"हळू बोल," मी म्हणालो. "आत बिलकूल मोठ्याने बोलू नकोस. आणि हे कुणाला सांगू नकोस."

मग आत येऊन मी मोजले. एक नाही, दोन नाही, तीन नाही, असे करत दहा नाही. आणि म्हणालो, "झाले."

आपल्या धर्माप्रमाणे ते दहा नव्हते. त्यामुळे बाबांचा त्या दिवसाचा कद्दीश झाला की नाही, हे मला माहीत नाही. तू दरवर्षी ज्या कॅसेटसमोर बसतोस ती नऊ जणांची आहे. आणि ज्या वाक्याच्या जोरावर मी तुला सेफेर तोरा नाकारली, ते वाक्य खोटे होते. आयुष्यात मी एकच माप चुकीचे दिले. ते बाबांच्या वेळी दिले.

लोक गेल्यावर खातूनभाभी थांबली. मी खुर्च्या घडी करू लागलो. तिसऱ्या रांगेपाशी आलो तेव्हा ती म्हणाली, "ती खुर्ची म्याच वळवायची. खोटं बोलले तुमच्यासंगं."

"का?"

"शुक्रवारी झाडून झालं की त्यो तिथं खांबापाशी बसायचा. त्या कपाटाकडं तोंड करून, धा मिनटं, गप. इचारलं, हितं का बसता हो? तर म्हनायचा, मला हितं एकदा मोजलंय." ती थोडी हसली. "मला वाटायचं गादीच्या मापाचं बोलतोय. गाद्यावाल्याचं बोलनं, आजून काय आसनार! तुमी समद्यांची पाठ तिकडं केली. म्हनलं, येक तरी आसू दे."

दादा, मला यानंतरचे लिहायला एक तास लागला.

त्या संध्याकाळनंतर एकवीस वर्षे हैदर माझ्यासमोर आला की मी कामाचेच बोललो. तो काही विचारील अशी मला भीती वाटे. त्याने कधी विचारले नाही. त्याने बायकोलाही सांगितले नाही. मी 'कुणाला सांगू नकोस' म्हणालो होतो, ते त्याने अक्षरशः पाळले. तो गेला तेव्हा मी कबरस्तानात गेलो, पण जनाज्याच्या नमाजाच्या रांगेत उभा राहिलो नाही, फाटकाशी थांबलो. माझी तिथे मोजणी होणार नाही, असे मी स्वतःला सांगितले. तो माझ्या बापासाठी उभा राहिला होता.

मी खातूनभाभीला हे सांगितले. मग तिने विचारले, "कॅसेट मला द्याल का? येकच शब्द हाय, पन त्येचा आवाज दुसरा कुठंबी न्हाई."

दिली. आपल्या दोघांत आता तुझीच प्रत उरली असे समज. तिच्यावरून मला नवी करून पाठवू नकोस.

आणखी एक नोंद. "किती वेळा वळवलीस?" असे मी तिला विचारले. ती म्हणाली, कालची धरून पाच. सव्वीस जानेवारीच्या रविवारी ती मुलीकडे देवळाली प्रवराला होती. शनिवारी गेली, सोमवारी आली, किल्ली पदराला बांधलेली. चित्रपटालाही ती त्या दिवशी नव्हती, हे मला आठवते. माझ्या वहीत सहा रविवारी सहा वेळा आहे. मी दोनदा तपासले.

दहावे नाव: हैदर. वडिलांचे नाव इब्राहिम, म्हणजे आपला अब्राहमच. 'हैदर बेन अब्राहम' असे कोरले तर त्यातले एक अक्षरही खोटे ठरणार नाही. नऊच कोरलीस तरी तेही खरे ठरेल. मात्र 'बेन अब्राहम' एवढेच कोरून त्याचे नाव गाळू नकोस. ती युक्ती माझी होती. ती मी मागे घेतो.

सेफेर तोरा केव्हा नेणार ते कळव. मी अडवणार नाही.

नहूम


बुधवार, १२ मार्च २०२५

दादा,

सोळा दिवसांनी तुझा आवाजी निरोप आला. चार सेकंदांचा आहे. आधी रस्त्यावरच्या बसचा आवाज, मग तुझा श्वास, मग एक शब्द. बारा वर्षांनी तुझा आवाज ऐकला. तू म्हातारा झालास.

तो शब्द मी सतरा वेळा ऐकला. पहिल्यांदा 'आमेन' वाटला. सहाव्या वेळी तसे राहिले नाही. मधला स्वर थोडा वर जातो. बसच्या आवाजामुळे जातो की तू नेलास, हे मला ठरवता आले नाही. लहानपणी तुझा उच्चार स्वच्छ असे. मी तुला विचारू शकतो. विचारणार नाही.

सकाळी खातूनभाभी झाडायला आली तेव्हा मोबाईल तिच्या कानाला लावला. कोणाचा आवाज आहे ते सांगितले नाही.

"व्हय," ती म्हणाली, "आमीनच म्हनला. कोन हाय ह्यो?"

"माझा मोठा भाऊ."

"बरं झालं," असे म्हणून ती झाडू लागली.

दगडावर किती नावे येणार, ते तू कळवलेले नाहीस.

काळे कापड उतरवले, पडदा ज्योतीबाईंकडे परत पाठवला. तेवीस खुर्च्या घडी करून खोलीत ठेवल्या. चोविसावी खांबालगत जिथल्या तिथे आहे, हेखालकडे तोंड करून. ती आज मी वळवलेली आहे, याची नोंद असावी.

नहूम